गाठ कापायची नाही, सोडवायची

४ मार्च
रिपोर्ट आला. मोठ्या आतड्यात गाठ आहे. सर्जनबाईंनी गाठीचं नावही सांगितलं. ते नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. शब्दांना ताकद असते.

बाई म्हणाल्या, लवकर सापडली आहे, कुठे पसरली असेल असं वाटत नाही, स्कॅन करून खात्री करू, तीन आठवड्यांत ऑपरेशन करून टाकू, या पायरीवर बहुतेक लोक बरे होतात. हे सगळं त्या चष्मा पुसता पुसता म्हणाल्या. ज्यांना पेशंटकडे बघायला सवड नाही, त्यांच्या हाती आपलं पोट कसं द्यायचं?

ही शेजारीच बसली होती. हिनं लगेच तारीख मागितली. पोस्टाच्या काउंटरवर बसून बसून हिला दिसेल त्यावर तारखेचा शिक्का मारायची सवय लागली आहे. मी म्हणालो, विचार करून कळवतो. शाळांच्या गणवेशांचा सीझन तोंडावर आहे.

(वही दुकानातली, मापांची. मागची पानं कोरी होती. दुसऱ्याची मापं कोण वाचतंय?)

५ मार्च
दिवसभर विचार केला. तेहतीस वर्षं शिंपीकाम करतोय. गाठ म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. दोऱ्याला गाठ पडली की नवशिका कात्री उचलतो. जाणता माणूस नखानं, सुईच्या टोकानं, धीर धरून ती मोकळी करतो. गाठ कापायची नाही, सोडवायची. हे वाक्य सुचलं तेव्हा अंगावर काटाच आला.

ही दादाबद्दल काहीतरी म्हणाली. तो विषय वेगळा आहे. तो इथे नको.

संकल्प: साखर बंद. चहा बंद. काळजी बंद.

संध्याकाळ. चहा घेतला. पण अर्धाच कप, आणि काळजी न करता.

८ मार्च
व्याख्यानाला गेलो होतो. 'मार्गदर्शक' म्हणतात त्यांना. ते स्वतःला डॉक्टर म्हणवत नाहीत, यातच सगळं आलं. पांढरा शर्ट, कॉलरची शिवण थोडी तिरकी, पण बोलणं सरळ. म्हणाले, गाठ ही शत्रू नाही, शरीरानं पाठवलेला निरोप आहे. निरोप आणणाऱ्याला कुणी कापतं का?

सभागृह भरलेलं. सगळ्यांनी मान हलवली. मीही. नव्वद दिवसांच्या कोर्समध्ये नाव घातलं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आमच्याकडे निरोप आला की लोक आधी वाचतात, मग पाकीट बाजूला ठेवतात. तुम्ही पाकीटच कुरवाळत बसलाय.

१० मार्च
दिवसातून पाच वेळा रस. गाजर, बीट, सफरचंद आणि गव्हांकुर. गव्हांकुराची चव म्हणजे पावसात भिजलेली गोधडी. पण औषध कधी गोड असतं का?

मेव्हणा दुकानात मशीनवर बसतो. त्यामुळे घरची बातमी दुकानात आणि दुकानची घरी, टपालखर्चाशिवाय. आज त्यानं घरी सांगितलं की वकीलसाहेबांच्या कोटाचं माप घेताना मी चार वेळा आत पळालो आणि डाव्या बाहीचं माप उजवीला लिहिलं. खरं आहे. पण कोर्टात हात कोण मोजतो?

१३ मार्च
कॉफी पिणं बंद. कॉफी घेणं सुरू. दुसऱ्या दरवाजानं. मार्गदर्शकांच्या मते त्यामुळे यकृत धुऊन निघतं. बाथरूमच्या फरशीवर डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि प्रसन्न विचार करायचे. नळ गळतो. प्रसन्न विचार नळाच्या वायसरपाशी जाऊन अडकतात.

ही बाहेरून म्हणाली, साखर चालते का त्यात?

१६ मार्च
सकाळी संडासात लाल. घाम फुटला. तिथेच बसून राहिलो. मग एकदम आठवलं. बीट! कालपासून तीन ग्लास बीट पोटात आहे. लाल नाही होणार तर काय निळं होणार? स्वतःशीच हसलो.

आधीही लाल व्हायचं, म्हणूनच तर तपासणीला गेलो होतो. पण ते तेव्हाचं. हे बीटाचं.

बीट कधीही बंद करायचं नाही.

२४ मार्च
हॉस्पिटलातून फोन. ऑपरेशनची तारीख परवाची, हिनं परस्पर घेतलेली. मी सांगितलं, पेशंट बाहेरगावी गेले आहेत, मी त्यांचा भाऊ बोलतोय. तिकडची बाई म्हणाली, कधी येतील? मी म्हणालो, निसर्गावर अवलंबून आहे. तिला ते नीट कळलं नसावं. हिनं फोन हातातून घेतला तेव्हा मी ठेवून टाकला होता.

नव्वद दिवस फक्त. मग आपण होऊन तपासणी करणार. लेखी लिहून ठेवतो: ८ जून.

२ एप्रिल
लेकीला कळलं. हिनंच सांगितलं असणार. लेक परगावी असते, पूल सुरक्षित आहेत का ते तपासायची नोकरी. फोनवर रडली, मग ओरडली, मग लांबलचक लेख पाठवले. मी उघडले नाहीत. त्या लेखांमागे कोण असतं ते मला माहीत आहे. औषध कंपन्या.

लेक म्हणाली, बाबा, पुलाला बारीक तडा दिसला की आम्ही लगेच दुरुस्तीला घेतो, मोठा व्हायची वाट बघत नाही. मी म्हणालो, अगं, पूल स्वतःला बरा करू शकत नाही, शरीर करू शकतं. ती म्हणाली, मग गाठ आलीच कशी? रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

१४ एप्रिल
कंबर मोजली. छत्तीसची साडेतेहतीस! टेप खोटं बोलत नाही. वकीलसाहेब कोट न्यायला आले (डावी बाही फार काही लांब नाही). म्हणाले, काय हो, बारीक झालात, तरुण दिसताय. हिला मुद्दाम सांगितलं. ही म्हणाली, एखाद्या पार्सलचं वजन वाटेत एवढं घटलं तर आम्ही पंचनामा करतो.

माझ्याच चार पँटी आत घेतल्या. शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. ती एवढी झालीय की हिला म्हणालो, बघ, घरात माया कमी पडते म्हणतेस, पँटीत बघ किती झाली. हसली नाही. शिवणीवरून बोट फिरवत बसली होती.

२० एप्रिल
कोर्सच्या शिबिरात एक भूगोलाच्या बाई येतात. निवृत्त. त्यांची गाठ छातीत आहे. रसाचा ग्लास हातात धरून सगळ्यांची चौकशी करतात, शाळेत हजेरी घेतल्यासारखी. आज मला म्हणाल्या, मला सुईचीसुद्धा भीती वाटते, म्हणून मी इथे येते. तुम्ही कशासाठी?

मी म्हणालो, अभ्यासासाठी.

त्या म्हणाल्या, हो का? मग तुम्ही वरच्या वर्गातले.

४ मे
कल्पनाशक्तीचा पाठ. डोळे मिटून आपल्या रक्तातले पांढरे सैनिक गाठीवर चालून जाताहेत असं बघायचं. मला सैनिक दिसत नाहीत. मला कारागीर दिसले, शंभरेक, मांडी घालून बसलेले, गाठीचे टाके उसवताहेत. छान चाललं होतं. मग त्यांच्यातल्या एकानं मान वर केली आणि म्हणाला, शेठ, ही शिवण पक्की आहे.

डोळे उघडले. कुणाला सांगितलं नाही.

११ मे
बाजारात तीन दिवस बीट नाही. ट्रकवाल्यांचा संप. तरीही लाल.

बीट शरीरात साठून राहत असावं.

१२ मे
मार्गदर्शकांना विचारलं, बीट किती दिवस साठून राहतं? ते म्हणाले, माणसामाणसावर आहे. म्हणजे साठतं. म्हटलं नव्हतं?

२२ मे
आज माझा व्हिडिओ काढला. मार्गदर्शक म्हणाले, तुमचा चेहरा बोलका आहे, चार लोकांना धीर येईल. भिंतीवर हिरवा पडदा, समोर कॅमेरा. मी म्हणालो, मला बरं वाटतंय. त्यांना ते पटेना. पुन्हा घेतलं. मी म्हणालो, मी बरा होतोय. पुन्हा घेतलं. चौथ्या वेळी मी म्हणालो, मी बरा झालोय. टाळ्या वाजल्या. खरं सांगतो, वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि पोटातली कळ क्षणभर थांबली. हा पुरावा नाही तर काय?

भूगोलाच्या बाई मागच्या खुर्चीवर होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत. हात दुखत असेल त्यांचा, सुजलाय.

२४ मे
हिनं व्हिडिओ बघितला. मेव्हण्यानं दाखवला. दोन दिवस बोलली नाही. रस मात्र पाचही वेळा वेळेवर आला. ग्लास टेबलावर ठेवायची, आवाज न करता. आदळला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी मीच चिडलो. म्हणालो, मी मरावं असं वाटतं का तुला? ही किसणी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, रोज दोन-दोन किलो गाजरं किसते मी, कामावर जायच्या आधी. तुम्ही मरावं म्हणून किसते?

किसणीनं हिचं बोट कापलं होतं, पट्टी होती. केव्हापासून होती कोण जाणे.

८ जून
नव्वद दिवस पूर्ण. आजची तपासणी पुढे ढकलली. कारणं: गणवेशांची गर्दी. दुसरं, तपासणीच्या यंत्रातून किरण निघतात, ते नुकत्याच शुद्ध झालेल्या शरीराला बाधू शकतात. तिसरं कारण आठवत नाही, पण होतं.

मार्गदर्शकांनी आणखी नव्वद दिवस सुचवले. म्हणाले, पहिले नव्वद मशागतीचे.

१९ जून
भूगोलाच्या बाई दोन आठवडे आल्या नाहीत. मार्गदर्शक म्हणाले, काही लोक शिस्त सोडतात. मी त्यांच्या घरी फोन केला. मुलानं घेतला. म्हणाला, आई गेली, मंगळवारी. मग त्यानंच मला विचारलं, तुम्ही कसे आहात? आई सांगायची, वर्गात एक शिंपी आहेत, हुशार आहेत पण घरचा अभ्यास करत नाहीत.

त्यांनी एकदा माझ्यासमोर बिस्कीट खाल्लं होतं. दोन. आणि एप्रिलमध्ये दोन दिवस गैरहजर होत्या. म्हणजे नियम नीट पाळले तर धोका नाही.

२० जून
रस घेतला नाही. बाजूच्या कुंडीत ओतला.

२१ जून
घेतला. कुंडीतलं झाड जिवंत आहे.

६ जुलै
पोट फुगतं. दोन-दोन दिवस काहीच होत नाही, मग एकदम कळा. मार्गदर्शकांच्या पुस्तिकेत याला 'शुद्धीचे झटके' म्हटलंय, पान चाळीस. झटके जितके मोठे तितकी शुद्धी मोठी. त्या हिशेबानं मी आतापर्यंत स्फटिकासारखा झालो असेन.

कंबर तीस. आता माझी पँट आत घेत नाही. नवीनच बेतली.

१५ जुलै
दुकानात चक्कर आली. एका गृहस्थाच्या पँटीला खडूनं खूण करत होतो, तो वर दिसत होता तो एकदम खाली दिसायला लागला. मेव्हण्यानं धरलं. शुद्धीवर आलो तेव्हा हातात खडू तसाच होता आणि त्या गृहस्थाच्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत सरळ पांढरी रेघ. सरळ! पडतापडतासुद्धा. हात गेलेला नाही अजून.

अशक्तपणा आहे. उपवासामुळे. रक्त कमी असेल असं मेव्हणा म्हणाला. मशीनवर बसणाऱ्याला काय कळतं रक्तातलं?

२२ जुलै
लेक येऊन गेली. आली ती न सांगता. दारात मला बघून तिनं बॅग खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी राहिली. मी म्हणालो, बघ, कॉलेजात होतो तसा झालो. तिनं मिठी मारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवताना थांबली. हाडं मोजत असावी. सवयच तिची, तपासणीची.

चार दिवस राहिली. एकदाही ओरडली नाही. त्यापेक्षा ओरडलेलं चालतं.

जाताना म्हणाली, बाबा, मी आता तुम्हाला काही सांगणार नाही. फक्त तुम्ही खोटं बोलताय ते आईशी बोला, माझ्याशी बोला, स्वतःशी नका बोलू. मी म्हणालो, स्वतःशी मी कधीच खोटं बोलत नाही, मी वही लिहितो.

३ ऑगस्ट
मार्गदर्शकांचा फोन. माझा व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला. म्हणाले, तुम्ही किती जिवांना दिशा दिलीत याची तुम्हाला कल्पना नाही.

दिवसभर बरं वाटलं. म्हणजे मनाला.

१९ ऑगस्ट, दुपार
हे नीट लिहून ठेवायला हवं.

अकराच्या सुमारास एक बाई दुकानात आली. तिशी-पस्तिशीची, हातात हॉस्पिटलची फाइल. मला वाटलं ब्लाऊजचं माप. तिनं माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाली, व्हिडिओतले काका तुम्हीच ना? मी हो म्हणालो. व्हिडिओत जाड दिसता, म्हणाली.

तिचा नवरा बस चालवतो. वय एकेचाळीस. गाठ आतड्यातच. लवकर सापडली आहे. ऑपरेशन येत्या गुरुवारी. आणि, ती म्हणाली, त्यानं तुमचा व्हिडिओ बघितल्यापासून तो नाही म्हणतोय. रोज बघतो. तुमची वाक्यं त्याला पाठ आहेत.

मी खूश व्हायला हवं होतं.

ती म्हणाली, काका, तुमचा शेवटचा रिपोर्ट बघायला मिळेल? बरे झाल्याचा. म्हणजे मलाही धीर येईल. मी त्याला साथ देईन मग, भांडणार नाही.

मी म्हणालो, आणतो. आणि ट्रायल रूममध्ये गेलो आणि पडदा ओढला. आत रिपोर्ट नसतो. आत आरसा असतो. स्टुलावर बसलो. बाहेर मेव्हण्याची मशीन थांबली होती. आरशात एक माणूस बसलेला, शर्टाच्या कॉलरमध्ये त्याच्या मानेभोवती अजून एक मान मावेल एवढी जागा. गिऱ्हाईक असतं तर मी म्हणालो असतो, साहेब, हा शर्ट तुमचा नाही.

किती वेळ बसलो माहीत नाही. बाहेर आलो आणि म्हणालो, ताई, ऑपरेशन करा.

ती म्हणाली, आणि तुम्ही?

मी म्हणालो, माझी केस वेगळी आहे.

ती फाइल छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, माझं ऐकणार नाही तो. तुमचं ऐकेल. तुम्ही येऊन सांगाल?

त्याच दिवशी, संध्याकाळ
गेलो. दोन खोल्यांचं घर. तो पलंगावर बसला होता, दणकट, हात स्टिअरिंगवर असावेत तसे मांडीवर. मला बघून उठून उभा राहिला. पाणी दिलं, खुर्ची पुसली. म्हणाला, काका, तुम्ही माझ्या घरी? त्याच्या ओट्यावर बीट होतं. चिरलेलं.

मी म्हणालो, तू गुरुवारी जा.

तो हसला. म्हणाला, काका, परीक्षा घेताय. तुम्ही तर जिवंत पुरावा आहात.

मी म्हणालो, मी बरा झालेलो नाही. मी तपासणीच केलेली नाही. मला रोज रक्त पडतं.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. हिलाही नाही. इथेही नाही. परक्याच्या घरात, परक्या खुर्चीत बसून सांगितलं. त्याची बायको दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला.

तो पुन्हा पलंगावर बसला. मग त्यानं विचारलं, तुम्ही का नाही गेलात, काका? लवकर सापडली होती ना तुमची?

मी दादाचं सांगितलं. माझा थोरला भाऊ. ऑपरेशनला स्वतः चालत गेला. दारापाशी चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या, म्हणाला, धर, आलोच. मी पाच तास चपला धरून उभा होतो. मग नर्सनं सांगितलं तेव्हा त्या कुठे ठेवायच्या ते मला कळेना.

तो म्हणाला, मग मला कसं जा म्हणता?

मी म्हणालो, दादाची फार उशिरा सापडली होती रे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तुझी लवकर सापडली आहे.

आणि हे मी बोललो तेव्हा माझ्याच कानांनी ऐकलं.

२२ ऑगस्ट
त्याच्या बायकोचा फोन. काल ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलाय, पाणी मागतोय, बसच्या चाव्या कुठे आहेत विचारतोय.

हिला सांगितलं, त्या ड्रायव्हरचं नीट झालं. ही म्हणाली, कोणता ड्रायव्हर? मग सगळं सांगावं लागलं. रक्ताचंही. ही ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, मला माहीत होतं. संडास कोण धुतं या घरात?

२५ ऑगस्ट
तपासणीचं ठरवलं. केवळ नोंद म्हणून. तुलनेसाठी. रसाचा काही ना काही परिणाम झालेलाच असणार, तो मोजायला हवा.

३० ऑगस्ट
तपासणी झाली. यंत्र गोल असतं, आत सरकवतात. मला वाटलं होतं तसं काही नाही. दहा मिनिटं. मार्चमध्येही दहाच मिनिटं लागली असती.

४ सप्टेंबर
सर्जनबाईंकडे गेलो. जाताना माझी फाइल घेतली, सहा महिन्यांची: रसाचं वेळापत्रक, वजनाचा तक्ता, पुस्तिका, खुणा केलेली पानं. बोलायचं पाठ केलं होतं. मुद्दे अकरा.

बाईंनी फाइल हातात घेतली, वजनाचा तक्ता तेवढा बघितला, आणि बाजूला ठेवली. रागावल्या नाहीत. मी रागावण्याची तयारी ठेवून गेलो होतो, त्यावरची उत्तरं होती माझ्याकडे. त्यांनी चष्मा काढला तेव्हा दिसलं, डोळ्याला पाणी येतं त्यांच्या. ॲलर्जी असावी. म्हणून पुसतात.

फिल्म प्रकाशावर धरून दाखवली. गाठ मोठी झाली आहे, वाट अडवते आहे. आणि यकृतावर दोन ठिपके. बोटानं दाखवले. म्हणाल्या, आता आधी वाट मोकळी करावी लागेल, पोटावर पिशवी बसवावी लागेल, निदान काही काळ. मग औषधं. मग ठिपके काय म्हणतात ते बघून पुढचं.

ज्या यकृताला मी रोज कॉफी देत होतो, त्यावर.

मी विचारलं, बरा होईन?

त्या म्हणाल्या, मार्चमध्ये विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. आता मी प्रयत्न करीन, एवढंच सांगते. पुष्कळ करण्यासारखं आहे अजून.

मग त्यांनी विचारलं, एवढे दिवस का थांबलात? मी म्हणालो, गणवेशांचा सीझन होता. ही म्हणाली, घाबरले होते हो. बाई म्हणाल्या, सगळेच घाबरतात, पुढच्या वेळी घाबरलेलेच या.

अकरापैकी एकही मुद्दा निघाला नाही.

६ सप्टेंबर
मार्गदर्शकांना फोन केला. म्हटलं, व्हिडिओ काढून टाका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तुमचा विश्वास डळमळला, म्हणून ठिपके आले. मी म्हणालो, ठिपके आधी आले, मग विश्वास डळमळला. ते म्हणाले, हे तुम्हाला वाटतं. आणि व्हिडिओ आता त्यांच्या हातात नाही, तो लोकांचा झाला आहे.

वीस मिनिटं वाद घातला. मला एकेक वाक्य ओळखीचं वाटत होतं. कुठे ऐकलं होतं ते नंतर लक्षात आलं. मीच बोलत आलोय, हिच्याशी, लेकीशी. तंतोतंत.

रिपोर्ट ऐकून लेक आली आहे. म्हणाली, बाबा, आपण दुसरा व्हिडिओ करू. दुपारी तिनं फोन धरला. एकदाच घेतला. रात्रीपर्यंत एकोणीस लोकांनी बघितला. त्यात चार आम्हीच.

११ सप्टेंबर
ऑपरेशन झालं. जिवंत आहे. चपला ही घेऊन उभी होती असं मेव्हणा म्हणाला. मी तिला सांगायला विसरलो होतो की खाली ठेव.

पिशवीबद्दल लिहिणार होतो. आज नको.

५ ऑक्टोबर
आज औषधाचा पहिला दिवस. लांबट खोली, आरामखुर्च्या, प्रत्येकाशेजारी एक खांब आणि खांबाला बाटली. सगळे टीव्हीकडे बघत होते, आवाज बंद. मी ठरवून आलो होतो की आजपासून विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. कुठलीही सारवासारव नाही.

नर्स फॉर्म घेऊन आली. तरुण, घाईत. वय, वजन, उंची. ॲलर्जी? नाही. भीती वाटते का? नाही, म्हणालो. हिनं माझा हात धरला होता, घामानं निसटत होता. ही म्हणाली, वाटते, लिहा.

मग नर्सनं विचारलं, पिशवीचं ऑपरेशन लिहिलंय, त्याआधी काही उपचार घेतले?

आता मात्र मी खरं सांगायचं ठरवलं. सावरून बसलो. म्हणालो, मार्चपासून. गाजर-बीटाचा रस, दिवसातून पाच वेळा. गव्हांकुर. उपवास. नव्वद-नव्वद दिवसांचे दोन कोर्स, त्यातला दुसरा अर्धवट. कॉफी. कल्पनाशक्ती. नर्सचं पेन हवेत थांबलं होतं. तिनं फॉर्मवरचा चौकोन बघितला, मग माझ्याकडे. तिला मला दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं. हळूच म्हणाली, काका, म्हणजे गाठीवर काही नाही ना?

मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती. बोटावरची पट्टी आता निघाली आहे, तिथे पांढरी खूण राहिली आहे.

मी म्हणालो, नाही.

तिनं चौकोनात लिहिलं आणि सही करायला फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी वाचलं. 'आधीचे उपचार: काही नाही.'

सही केली.